वाचक क्रमांक एक

प्रिय ठमे,

पाकीट बघूनच तू म्हणाली असशील, या भोपूला झालंय तरी काय, शाळा सुटल्यापासून हिने कधी कागदावर दोन ओळी लिहिल्या नाहीत. खरं आहे. एरवी मी फोनवर तुझे कान किटेपर्यंत बोलते आणि शेवटी तूच काहीतरी कारण काढून फोन ठेवतेस. पण आता जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि तुझं ईमेल तुला तुझ्या दादानेच उघडून दिलंय, पासवर्ड त्याला पाठ असणार. म्हणून हा कागद. काकूंबद्दल, तुझ्या आईबद्दल लिहितेय. त्या आहेत, तसली बातमी नाही, उगाच काळजाचं पाणी करून घेऊ नकोस. पण मला त्यांच्या जिवाची भीती वाटायला लागलीय. ती माझ्या एकटीच्या डोक्यातली आहे की खरी, हे मला सगळं नीट मांडूनच तुझ्यापुढे ठेवायचंय. एका बैठकीत वाच. मी नेहमीसारखी भरकटेन, तेवढं सोसून घे.

आधी ग्रंथालयाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही. आमच्याकडे आता सगळं 'सर्वांसाठी' झालंय. दारावर तशी मोठी पाटीही लागली आहे, फक्त ती इतक्या उंच लावलीय की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मान मोडल्याशिवाय दिसत नाही. उताराचा रस्ता केला तोही असा, की उद्घाटनाला आलेला एक वाचक खुर्चीसकट सरळ पहारेकऱ्याच्या मांडीवर जाऊन बसला. वेबसाइट आली तेव्हा मी आमच्या आंधळ्या मुलींना हौसेने बसवलं. कॉम्प्युटर त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो ना, तो म्हणायला लागला, "बटण, बटण, बटण, चित्र, बटण." कुठलं बटण कशाचं हे करणाऱ्यांनी लिहिलंच नव्हतं. त्यातली एक वकिलीचा अभ्यास करणारी, तिखट जिभेची. ती म्हणाली, "बाई, हे ग्रंथालय आहे की शर्टाचं दुकान?" मी सगळं दुरुस्त होईपर्यंत त्या कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्यावर बसले होते. आणि आता खोटं कशाला बोलू, काम छान झालंय. ज्या मुलीला पूर्वी एक कायद्याचं पुस्तक मिळायला अर्धं वर्ष वाट बघावी लागायची, ती आज घरी बसून चहा पिता पिता ते ऐकते. तिची परीक्षा झाली आणि ती पास झाली. हे मी मुद्दाम लिहिलं, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की भोपूला नवं काही नकोच असतं.

एकच गोष्ट गेली. आमच्या पेट्या गेल्या. तुला आठवतात का पुस्तकांच्या त्या हिरव्या पेट्या? घराबाहेर न पडू शकणाऱ्या वाचकांसाठी काकूंनी त्या सुरू केल्या होत्या आणि सुट्टीत आपण दोघी ग्रंथालयाच्या गाडीत मागे बसून त्यांच्याबरोबर फिरायचो. काकूंचा नियम कडक होता, पेटी द्यायची ती वाचकाच्याच हातात. दार कुणीही उघडो, मुलगा, सून, भाऊ, पेटी दारात ठेवून परतायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, घरच्यांच्या हातात दिली तर काय बिघडलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांच्या हातात दिली की आपण पुस्तक पोचवलं. वाचकाच्या हातात दिली की आपण माणूस बघितला." तेव्हा मला ते उगाचचं मोठं बोलणं वाटलं होतं. तू तर गाडीत बसून त्यांची नक्कल करायचीस. आता पुस्तक तारेतून जातं, क्षणात जातं, कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. नव्या मुख्य मॅडमनी गाडी बंद केली, आणि हिशेबाने बघितलं तर त्यांचं काही चुकलं नाही.

काकूंचे आणखी दोन नियम तुला सांगायला हवेत. पहिला, वाचक काय वाचतो हे आमच्या ऐकायच्या पुस्तकांच्या विभागाच्या बाहेर जाता कामा नये. नवऱ्याला नाही, बापाला नाही, पोलिसाला नाही. त्यासाठी त्यांनी नावं काढून टाकून सगळ्यांना क्रमांक दिले होते, आणि पद्धत चालते का हे बघायला स्वतःचंच नाव आधी घातलं होतं. म्हणून त्या वाचक क्रमांक एक. तेव्हा त्यांचे डोळे ठणठणीत होते, त्याची आम्ही किती थट्टा केली. दुसरा नियम खुणेचा. आम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो त्यात चुका राहतात, शब्द गिळला जातो, पान उलटल्याचा आवाज येतो, कुणाला खोकला येतो. ऐकणाऱ्याला चूक वाटली की त्याने खुणेचं बटण दाबायचं. ज्या वाक्यावर दाबलं ते वाक्य आमच्याकडे येतं, आणि ज्याने ते वाचलं होतं त्याने ते पुन्हा वाचून द्यायचं. वाद घालायचा नाही. वाचकाला चूक वाटली म्हणजे चूक. तुझ्या आईच्या हाताखाली मी शिकले ते हेच, तोंड बंद ठेवून पुन्हा वाचायचं. माझ्यासारखीला तोंड बंद ठेवायला शिकवलं, यावरून काय बाई असेल ते बघ.

मग त्यांचे डोळे गेले, नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा, आणि गेल्या वर्षी तो झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू आलीस, राहिलीस, रडून रडून अर्धी झालीस आणि परत गेलीस. जाणं भागच होतं तुला, त्यावर मी काही म्हणत नाही. जाताना तूच मला म्हणालीस की आईला तुमचं ते यंत्र दे. मी स्वतः नेऊन दिलं. चारच मोठी बटणं, ऐका, थांबवा, पुढे, खूण. उशाशी ठेवलं आणि त्यांचा डावा हात त्यावर नेला. त्यांनी चारही बटणं बोटांनी चाचपून बघितली आणि खुणेच्या बटणावर अंगठा ठेवून तोंडाच्या चांगल्या बाजूने हसल्या. दादा मागे उभा होता. तो म्हणाला, "तिला कळतंय का पण?" मी म्हटलं, बघ ना. तोही हसला. तेव्हा तो खूप दमलेला होता, पण हसला.

सुरुवातीला खुणा आल्या त्या रास्त होत्या. एका ठिकाणी मी 'विहीर' म्हणताना श्वास घेतला होता, तिथे खूण. एका प्रवासवर्णनात माझ्या खुर्चीचा करकर आवाज, तिथे खूण. मी विभागात सगळ्यांना सांगत सुटले की बाईंची वाचा गेली तरी कान तसाच आहे, आता कुणाची धडगत नाही. मग पावसाळा सरल्यावर त्याच प्रवासवर्णनातल्या एका वाक्यावर खूण आली. 'पाण्याचं पिंप समोर होतं, पण तिथवर कुणाचाच हात पोचत नव्हता.' मी ऐकलं, चूक सापडेना. नियम तो नियम, पुन्हा वाचून दिलं. पुन्हा खूण. अजून सावकाश वाचलं, 'पिंप'मधला पि घासूनपुसून काढला. पुन्हा खूण. मी वैतागले गं. त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा बंद ठेवावा लागतो, घामाने पान ओलं होतं, आणि मी एकच वाक्य म्हणत बसले होते. कोमट पाणी पीत पीत मी ते इतकं सुरेख वाचलं की काय सांगू. आणि तिकडे तुझी आई तहानलेली होती.

मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या खुणा वेगवेगळ्या पुस्तकांत होत्या म्हणून तर मुळीच कळलं नाही. बागकामाच्या पुस्तकात, 'या रोपाला उजेड लागतो, पडदे ओढून घेऊ नयेत.' त्याच्यानंतर एका रहस्यकथेत, 'दुधाला कडवट चव होती, आणि ते प्यायल्यावर दिवस कुठे गेला ते तिला कळलं नाही.' रुग्णसेवेच्या एका जुन्या पुस्तकात, 'रोग्याला सारे ऐकू येत असते, त्याच्यासमोर बोलताना भान ठेवावे.' मी आपली एकेक वाक्य पुन्हा वाचून दिलं. शेवटी माझा अहंकार दुखावला. मी ती सगळी वाक्यं एकापाठोपाठ एक लावली आणि आमच्या रेकॉर्डिंगवाल्याला ऐकवली. तुला तो माहीत नाही, जेमतेम बोलणारा माणूस आहे. मला त्याच्याकडून एवढंच वदवून घ्यायचं होतं की यात माझी काही चूक नाही. त्याने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "बाई, चूक काही नाही यात. पण हे कोण बोलतंय?" मी म्हटलं, मीच की. तो नाही म्हणाला. "आवाज तुमचा आहे हो. पण बोलतंय कोण?"

ठमे, मी पुन्हा ऐकलं. माझ्याच आवाजात पाणी मागत होतं कुणीतरी. माझ्याच आवाजात सांगत होतं की पडदे उघडा, दूध कडू लागतं, मला सगळं ऐकू येतं. विचार कर, हवं ते एक वाक्य सापडावं म्हणून त्या किती पुस्तकं पुढे सारत गेल्या असतील. त्यातली निम्मी त्यांनीच तपासलेली, कुठे काय आहे ते त्यांना तोंडपाठ. त्या वाक्यापर्यंत पोचायचं, अंगठा तयार ठेवायचा, आणि वाक्य निसटायच्या आत दाबायचं. निसटलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि इतकं करून मी काय पाठवलं, तर तेच वाक्य, अजून स्पष्ट उच्चारात.

मग मी खुणांच्या वेळा काढून बघितल्या, आणि मनात जी पाल चुकचुकत होती ती गप्पच बसेना. आधी खुणा दिवसभर यायच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. आता येतात त्या फक्त सकाळी, उजाडल्या उजाडल्या, थोडा वेळ. नंतर दिवसभर शांत. यंत्र चालू असतं, पुस्तक आपलं चाललेलं असतं, संपलं की आपोआप दुसरं सुरू होतं. आमच्याकडे कॉम्प्युटरवर दिसतं, वाचक क्रमांक एक ऐकतोय. मॅडमनी तर बैठकीत सांगितलं की आपल्या घरबसल्या वाचकांत सर्वात जास्त ऐकणारा वाचक हाच, बघा, सोयीचा केवढा उपयोग होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, काय करणार.

मी गप्प बसले नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. आधी मॅडमकडे गेले. त्या वाईट नाहीत, ऐकून घेतलं सगळं. पण म्हणाल्या, "वाचक काय ऐकतो ते तुम्ही असं लावून बघणंच मुळात नियमाबाहेर आहे. आणि पुस्तकातली वाक्यं घेऊन कुणाच्या मुलाच्या दारात जाणार का आपण?" काकूंचाच नियम माझ्या तोंडावर मारला त्यांनी. मग तुमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काकूंना झटक्यानंतर दोन-चारदा बघितलं, त्यानंतर बघितलेलंच नाही. दादा येतो, म्हणतो आई फार अस्वस्थ असते, हात आपटते, झोप नाही. डॉक्टर झोपेचं औषध लिहून देतात. पुन्हा येतो, म्हणतो पुरत नाही. मी म्हटलं, तुम्ही जाऊन बघत का नाही? ते म्हणाले, "घरच्यांनी बोलावल्याशिवाय मी कसा जाऊ?" पण माझं बोलणं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि मला दारापर्यंत सोडायला आले, जे ते कधी करत नाहीत.

शेवटी मी घरीच गेले. यंत्राची बॅटरी तपासायची आहे म्हणून सांगितलं. सकाळची दहा-अकराची वेळ असेल. दादाने दार उघडलं, ये ये म्हणाला, चहा टाकतो म्हणाला. अगदी पूर्वीसारखा. तुमची ती सांभाळणारी बाई दिसली नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिला काढलं. उगाच बोलत बसायची आईशी, आई आणखीच खवळायची." तुला तो फोनवर सांगतो ना, बाई आत आहे, बाई कपडे वाळत घालतेय? ती बाई केव्हाच गेलीय. घर स्वच्छ होतं, डोळ्यांत भरण्याइतकं स्वच्छ आणि शांत. तुला माहीत आहे, त्याला लहानपणापासून आवाज सोसत नाही. आपण दोघी हसायला लागलो की तो कानात बोटं घालून गच्चीवर जाऊन बसायचा. घरून काम करतो, दिवसभर फोनवर असतो, आणि पलीकडच्या खोलीत आई पलंगाच्या दांडीवर हात आपटते. त्याला त्रास होत असेल, मी नाही म्हणत नाही. एकट्याने सगळं काढतो तो. मला त्याची कीवही आली, हे लिहिताना लाज वाटते पण आली.

काकूंच्या खोलीत पडदे ओढलेले होते. दिव्याचं बटण दाबलं तेव्हा दिसल्या. किती लहान झाल्यात गं त्या. तोंड उघडं, ओठांना भेगा, गाढ झोप. पाण्याचं भांडं होतं, झाकून ठेवलेलं, उजव्या अंगाला, जो हात हलत नाही त्याच्या बाजूला. पलंगाच्या दांडीला जाडजूड टॉवेल गुंडाळून घट्ट बांधला होता. आधी मला कळेना कशासाठी. मग कळलं, आपटलं तरी आवाज होऊ नये म्हणून. यंत्र कुठलंसं पुस्तक वाचत होतं, माझ्याच आवाजात. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, काकू, भोपू आलीय. डोळे उघडले नाहीत. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, तर बराच वेळ काही नाही, आणि मग त्यांचा अंगठा माझ्या तळव्यात रुतला. सोडला, पुन्हा रुतवला. बटण दाबतात तसा. मागून दादा म्हणाला, "बघ, हे असंच चालतं. बोटं हलतात आपोआप. तिला काही कळत नाही आता." मी माझ्या बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यांच्या ओठांना लावलं. अर्धं सांडलं, अर्धं त्यांनी गिळलं. तो मला थांब म्हणाला नाही, पण तिथून हललाही नाही.

निघताना मी चपला घालत होते तेव्हा त्याने अगदी सहज विचारलं, "आई काय ऐकते ते तुमच्याकडे दिसतं का गं?" मी म्हटलं, छे, आमच्याकडे नुसते आकडे येतात. आयुष्यात इतकं साळसूद मी कधी बोलले नव्हते. तो मान हलवून हसला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मी जिन्यात ऐकला. त्या दिवसापासून वाचक क्रमांक एक कॉम्प्युटरवर दिसेनासा झाला. नेट बंद केलं असावं त्याने. मी रोज आल्या आल्या तेच बघायचे, चहासुद्धा नंतर. काही नाही. तुला तेव्हाच लिहायला बसले होते, दोनदा कागद फाडला. वाटलं, तुला इतक्या लांब हे कळवून काय होणार, तू तिथे तळमळशील, आणि मी चुकीची निघाले तर भावाबहिणीत कायमची काडी टाकल्यासारखं होईल. हेही वाटलं की काकूंचा नियम मीच मोडायचा, आणि तोही त्यांच्याच बाबतीत.

काल दादा स्वतः ग्रंथालयात आला. यंत्र नीट पिशवीत घालून आणलं होतं, वायर गुंडाळून. म्हणाला, "तिला आता ऐकण्यात रस राहिला नाही. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल." आभार मानून गेला. मी ते यंत्र टेबलावर घेतलं आणि आमच्या नेटला जोडलं, तशा अडकून राहिलेल्या खुणा एकदम आल्या. सगळ्या एकाच वाक्यावर. एका कौटुंबिक कादंबरीतली म्हातारी मरताना शेजारणीला सांगते ते वाक्य. 'झालं ते घरात राहू द्या, माझ्या लेकीला कळवू नका.' किती सकाळी त्या एकाच वाक्यापर्यंत येऊन बटण दाबत राहिल्या, ते मोजायचा मला धीर झाला नाही. त्यांना सगळं माहीत आहे, ठमे. कोण करतंय, काय करतंय, कुठवर जाईल. आणि तरी मला त्यांनी शेवटचं सांगितलं ते हे, त्याला वाचवायला आणि तुला जपायला. जन्मभर त्यांच्या प्रत्येक खुणेचं मी ऐकलं, या खुणेचं ऐकणार नाही. तू ये. डॉक्टरांना मी पुन्हा विचारलं, ते म्हणालेत, लेक म्हणाली तर मी उभ्या पावली तिच्याबरोबर जातो, आणि तुझ्याशिवाय तसं म्हणणारं दुसरं कुणी नाही. येतेस हे दादाला कळवू नकोस, आणि येईपर्यंत आईशी बोलायचं म्हणून फोनही करू नकोस. दर आठवड्याला तो फोन तिच्या कानाशी धरतो, तू अर्धा तास बोलतेस, आणि मग मला सांगतेस की आई शांतपणे ऐकत होती. ती झोपलेली असते गं. आता यंत्रही नाही तिच्याजवळ. लवकर ये.

तुझीच,
भोपू